‘भरपूर’ या शब्दाबद्दल थोडेसे: माती आणि पाने तपासणाऱ्यांना खुले पत्र

माती आणि पाने तपासून खतांच्या शिफारशी लिहिणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

तुमच्या अहवालातला एक शब्द मला गेली काही वर्षे छळतो आहे. शब्द साधाच आहे: ‘भरपूर’.

झाले असे, की माझ्या टोमॅटोची फळे लिंबाएवढी झाली की बुडाशी पाणथळ ठिपका पडायचा आणि चार-सहा दिवसांत तो काळा, खोलगट, चामड्यासारखा व्हायचा. हे कॅल्शियम कमी पडल्याचे लक्षण, एवढे मलाही ठाऊक होते. म्हणून माती तपासायला दिली. अहवाल आला: कॅल्शियम ‘भरपूर’, पालाश (म्हणजे पोटॅशियम) ‘मध्यम’, तरी पालाशची मात्रा वाढवावी. मी मुकाट्याने वाढवली. पुढच्या दोन तोड्यांत डागाळलेली फळे आणखी निघाली.

अहवाल खोटा होता का? अजिबात नाही. जमीन चुनखडीची, कॅल्शियम खरोखरच हवे त्याहून जास्त होते. फक्त तपासली होती माती आणि आजारी होते फळ. या दोहोंच्या मधे मूळ, खोड, देठ एवढा सगळा प्रवास आहे, आणि त्याबद्दल अहवालात एक ओळ नव्हती. मीही विचारली नाही, हे कबूल करतो.

तो प्रवास मी नंतर शिकलो. तुम्हाला तो पाठ असणार, तरी इथे मांडतो, कारण अहवालातून तो गळतो. कॅल्शियम झाडात वर चढते ते पाण्याच्या ओढीबरोबर, जलवाहिन्यांतून. पानांत तयार झालेली साखर जिथून वाहते त्या रसवाहिन्यांत ते जवळजवळ शिरतच नाही. म्हणजे पाणी जिकडे जास्त उडते तिकडे कॅल्शियम जाणार. पाने दिवसभर पाणी उडवतात. फळाच्या गुळगुळीत सालीतून फारच थोडे उडते, आणि फळ फुगते ते मुख्यतः रसवाहिन्यांतून आलेल्या साखरपाण्यावर. तेव्हा कॅल्शियमच्या वाटपात फळ कायम शेवटच्या पंगतीला. एकदा पानात जाऊन बसलेले कॅल्शियम तिथून उठून फळाकडे येत नाही. म्हणूनच पानांवर मारलेली कॅल्शियमची फवारणी फळापर्यंत पोचत नाही, औषध थेट कोवळ्या फळावर पडले तरच थोडाफार उपयोग. सफरचंदाच्या सालीखाली पडणारे कडवट ठिपके आणि गड्डा धरणाऱ्या भाज्यांची आतली करपलेली पाने, ही याच आजाराची भावंडे.

शिवाय कॅल्शियम मुळामध्ये शिरते कुठून, हाही प्रश्न आहे. मुळाच्या आत पेशींचे एक कडे असते. त्यांच्या भिंतींत पाणी अडवणारा पट्टा असतो, कॅस्पारी पट्टा म्हणतात त्याला. मूळ जुने झाले की हे कडे आणखी पक्के होते आणि बाहेरून झिरपत येणारी वाट बंद होते. कॅल्शियमचा मोठा भाग आत जातो तो मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या भागातून, जिथे ही तटबंदी अजून पुरी झालेली नसते. शेतकरी ज्याला ‘पांढरी मुळी’ म्हणतो तीच ही. पांढरी मुळी चालू तर कॅल्शियम चालू.

मी झाडाशेजारी उकरून पाहिले तेव्हा मुळे तांबूस आणि बोथट होती. कारण माझेच. ठिबक रोज गरजेपेक्षा जास्त वेळ चालू, मधे मोटर बिघडली म्हणून तीन दिवस कोरडे, मग भीतीपोटी एकदम भरपूर पाणी. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणे, असा नाहीच. त्यावर अमोनियमच्या रूपातले नत्र (नायट्रोजन) आणि वरून वाढीव पालाश. अमोनियम आणि पोटॅशियम दोन्ही धन भाराचे, आणि मूळ त्यांना कॅल्शियमपेक्षा सहज आत घेते. मी भरपूर कॅल्शियम असलेल्या जमिनीत कॅल्शियमला दारातच अडवून ठेवले होते. मग पाणी थोडे-थोडे पण नियमित केले, पालाश थांबवला, नत्र नायट्रेटच्या रूपात दिले. कॅल्शियमचे एक पोतेही टाकले नाही. नव्या घोसांवर डाग जवळजवळ दिसला नाही.

यात नवे काहीच नाही, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांची आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग हे नाव तुमच्यापैकी प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या पुस्तकात वाचले असेल: जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर उत्पादन अडते. (हा नियम त्याच्या आधी, 1828 च्या सुमारास, कार्ल स्प्रेंगेलने मांडला होता. लीबिगने तो जगभर नेला आणि श्रेयही घेऊन गेला.) पण पुस्तकात सहसा न येणारा भाग असा, की 1845 मध्ये लीबिगने स्वतःचे खत बाजारात आणले. पावसाने विरघळून वाहून जाऊ नये म्हणून पालाश आणि स्फुरद (फॉस्फरस) भट्टीत वितळवून त्याने ते जवळजवळ न विरघळणारे केले. नत्र हवेतून पुरेसे मिळते, या समजुतीने तेही त्यात पुरेसे ठेवले नाही. खत सपशेल पडले. पिशवीत पालाश-स्फुरद होते, पिकाला ते मिळाले नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1843 पासून चालवलेल्या गव्हाच्या प्रयोगाने नत्राबद्दलची त्याची समजूतही चुकीची ठरवली. पुढे लीबिगने आपली चूक मान्य केली. ज्याच्या नावाचे, सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरणाऱ्या पिंपाचे चित्र आपण भिंतीवर टांगतो, तोच माणूस ‘आहे’ आणि ‘मिळते’ यांच्यात घसरला होता. तेव्हा मी घसरलो, तुम्ही घसरलात, यात लाजण्यासारखे काही नाही.

आता स्फुरदाचा हिशेब बघा. एक हेक्टरच्या वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थरात सुमारे वीस लाख किलो माती असते. त्यात एकूण स्फुरद साधारण चारशे ते दीड हजार किलो सापडते. त्यातले एखाद्या क्षणी मातीच्या पाण्यात विरघळलेले किती? बहुतेक जमिनींत हेक्टरी एक किलोही नाही. पिकाला तर हंगामात पंधरा-वीस किलो लागते. म्हणजे मातीच्या पाण्यातला हा चिमूटभर साठा हंगामभरात कितीतरी वेळा रिकामा होऊन पुन्हा भरायला हवा. पीक साठ्यावर जगत नाही, साठा किती वेगाने भरतो त्यावर जगते. तुमच्या रकान्यात साठ्याचा अंदाज असतो. वेग त्यात नसतो.

आणि भरलेले स्फुरद मुळापर्यंत चालत येत नाही. नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळाकडे ओढले जातात. स्फुरद आणि बराचसा पालाश मात्र जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सरकत-सरकत येतात, आणि स्फुरदाचे हे सरकणे इतके मंद, की मूळ स्वतःभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करते आणि तिथेच थांबते. एकूण मातीच्या आकारमानापैकी मुळे व्यापतात ते जेमतेम एक टक्का, बहुधा त्याहूनही कमी. उरलेल्या मातीतले स्फुरद मुळाच्या दृष्टीने परगावी आहे. म्हणून मूळकेस हवेत, म्हणून मायकोरायझा बुरशीचे धागे हवेत. मुळापेक्षा कितीतरी बारीक असलेले हे धागे त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे जाऊन स्फुरद आणतात. गंमत अशी, की स्फुरदाचा मारा केला तर झाड या बुरशीला थारा कमी देते. ‘स्फुरद कमी’ असे लिहून दुप्पट मात्रा सांगताना हा आणणारा गडी आपण कामावरून काढतोय, याचा उल्लेख कुठे तरी असावा. माती कोरडी पडली की सरकण्याची ही वाट आणखी लांब आणि वाकडी होते, माती थंड असली की मूळही मंदावते. मक्याची कोवळी रोपे गारठ्यात जांभळी पडतात आणि ऊन चढल्यावर आपोआप हिरवी होतात. त्या आठवड्यात माती तपासून काय कळणार?

मुळाच्या दारात पोचल्यावरही काम फुकट होत नाही. बाहेरच्या पाण्यापेक्षा पेशीच्या आत स्फुरदाची संहती हजारपट असू शकते. चढावर पाणी नेण्यासारखे हे काम, त्याला ऊर्जा लागते. मूळ आपल्या आवरणातून हायड्रोजनचे धन भार बाहेर ढकलते, त्यातून तयार होणाऱ्या विद्युत ओढीवर बाकीची अन्नद्रव्ये आत येतात. हा पंप चालतो श्वसनातून मिळालेल्या ऊर्जेवर, आणि श्वसनाला प्राणवायू लागतो. पाणी साचलेल्या शेतात पीक पिवळे पडते ते बऱ्याचदा अन्न संपले म्हणून नाही, पंप बंद पडला म्हणून. अशा वेळी निचऱ्याचा चर काढायला सांगणारी शिफारस मी अजून एकाही अहवालात वाचलेली नाही. युरियाची वाचली आहे.

आता ‘संतुलन’. हा शब्द आता खताच्या प्रत्येक पोत्यावर असतो, त्यामुळे त्याबद्दल थोडे रागानेच लिहितो. 1945 मध्ये अमेरिकेत बेअर आणि सहकाऱ्यांनी मातीने धरून ठेवलेल्या धन भाराच्या कणांचे ‘आदर्श’ प्रमाण मांडले: कॅल्शियम 65 टक्के, मॅग्नेशियम 10, पोटॅशियम 5, हायड्रोजन 20. विल्यम अल्ब्रेख्ट यांच्या नावाने ही विचारसरणी पुढे पसरली आणि आजही कित्येक शिफारशी या आकड्यांकडे माती ‘आणण्यासाठी’ लिहिल्या जातात. 2007 मध्ये कोपिटके आणि मेंझीस यांनी या विषयावरचे संशोधन एकत्र तपासले. असे एकच आदर्श प्रमाण असते याला त्यांना आधार सापडला नाही. प्रत्येक अन्नद्रव्य पुरेसे असेल तर त्यांच्यातले प्रमाण बऱ्याच मोठ्या मर्यादेत इकडे-तिकडे झाले तरी पीक निभावून नेते.

याचा अर्थ अन्नद्रव्यांत ओढाताण नसते असा मुळीच नाही. ती मी माझ्या टोमॅटोत पैसे मोजून पाहिली आहे. पालाश जास्त झाला की मॅग्नेशियम मागे पडते. उलटे तितके होत नाही, कारण पोटॅशियम आत घ्यायला मुळाकडे खास तयारी असते आणि मॅग्नेशियमचा कण पाण्याचे जाड वेष्टन घेऊन येतो. मग जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. स्फुरद अति झाला तर जस्त अडते. क्लोराइड नायट्रेटला रेटते. ही ओढाताण खरीच आहे, पण ती मुळाच्या दारात, त्या दिवशीच्या पाण्यात घडते. तुमच्या कागदावरच्या टक्केवारीत ती दिसत नाही.

आणि दाराशी असलेली माती तुम्ही तपासलेल्या मातीपेक्षा वेगळी असते, हे तर फारच क्वचित कुणी सांगते. पिकाने नत्र अमोनियमच्या रूपात घेतले की मूळ हायड्रोजन बाहेर टाकते, त्याच्याभोवतीची माती आम्ल होते. नायट्रेटच्या रूपात घेतले तर उलटे. मुळाला चिकटलेल्या मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा, pH) आणि बाकी शेताचा सामू यांत दोन अंकांपर्यंत फरक पडू शकतो. सामूचा एक अंक म्हणजे दहापट. तेव्हा ‘सामू 7.8’ हा आकडा शेताचा आहे, मूळ कदाचित 6.5 मध्ये राहत असेल. नत्राचे रूप बदलून आपण मुळाभोवती लोह, जस्त, मँगनीज मोकळे करू शकतो किंवा बांधू शकतो. त्याच्या उलट टोकाला रोथॅमस्टेडच्या गवताच्या प्रयोगातले तुकडे आहेत. तिथे 1856 पासून अमोनियम सल्फेट पडत राहिले आणि चुना न दिलेल्या जागी सामू 4 च्याही खाली गेला. औषध तेच, मात्रा आणि काळ वेगळा.

लोहाबद्दल तर काय बोलावे. मातीत दोन टक्के लोह धरले तरी हेक्टरच्या त्या वीस लाख किलोंत चाळीस हजार किलो झाले. पिकाची गरज एखाद-दोन किलोची. तरीही चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांवर केवडा पडतोच (पाने पिवळी पडतात), कारण सामू एका अंकाने चढला की विरघळलेले लोह हजारपटीने घटते. त्यावर झाडांनी दोन वेगळे मार्ग काढले आहेत. बहुतेक झाडे मुळाशी आम्ल सोडतात आणि लोहाचे रूप बदलून ते आत ओढतात. गवतकुळातली पिके मात्र लोहाला धरणारे पदार्थ मातीत सोडतात आणि लोहासकट परत घेतात. म्हणूनच मक्याशेजारी लावलेला भुईमूग एकट्या भुईमुगापेक्षा हिरवा राहिलेला दिसतो: शेजाऱ्याने सोडलेल्या मोकळ्या लोहावर त्याचेही भागते. आणि पान तपासले तर? पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाएवढेच निघू शकते. ते असते, पण कामाच्या जागी नसते. तुमचा रकाना तेव्हाही ‘पुरेसे’ म्हणतो.

पानांच्या तपासणीवर माझा विश्वास मातीपेक्षा जास्त आहे, तरी एक तक्रार आहेच. नत्र दिल्यावर पीक जोमाने वाढते आणि पानातल्या जस्ताची टक्केवारी घसरते. झाडाने एकूण जस्त कमी घेतलेले नसते, ते मोठ्या अंगात पसरलेले असते. उलट खुरटलेल्या रोपात सगळेच आकडे फुगलेले दिसतात. पालाश पान जुने होता-होता घटत जातो, कॅल्शियम वाढत जाते. म्हणून कुठले पान, कितवे, कोणत्या अवस्थेत, याशिवाय तो आकडा अधांतरी आहे. पाकिटावर ‘पान’ एवढेच लिहून पाठवणारे आम्हीच असतो, हेही खरे. पण तसे पाकीट परत करायला काय हरकत आहे?

मागण्या मोजक्याच आहेत. स्फुरद कोणत्या द्रावणाने काढले ते आकड्याशेजारी लिहा. ऑल्सेन, ब्रे आणि मेहलिक या तीन पद्धती एकाच मातीतून तीन वेगळे आकडे काढतात आणि चुनखडीच्या मातीत ब्रेचे आम्ल द्रावण वापरले तर चुनाच ते खाऊन टाकतो. आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा, तेही लिहा, कारण 100 किलो स्फुरद म्हणजे ऑक्साइडच्या हिशेबात 229 किलो, आणि या गोंधळात कुणी दुप्पट खत टाकले तर दोष आकडेमोडीचा म्हणून सुटता येत नाही. नमुन्याबरोबर पाण्याचे वेळापत्रक, आधी दिलेल्या नत्राचे रूप आणि मुळांचा रंग विचारा. कमतरता जुन्या पानांवर आहे की कोवळ्या, हेही विचारा: नत्र, पालाश, मॅग्नेशियम जुन्या पानांतून नव्यांकडे हलू शकतात, कॅल्शियम, लोह आणि बहुतेक पिकांत बोरॉन हलत नाहीत. एवढ्याने अर्धे निदान होते आणि त्याला यंत्र लागत नाही. आणि जिथे काही टाकण्याची गरज नाही तिथे ‘काही टाकू नका’ असे स्वच्छ लिहा. आम्ही पैसे देऊन ते वाक्य विकत घ्यायला तयार आहोत.

‘भरपूर’ हा शब्द काढून टाका असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढे ‘कुठे?’ एवढे जोडा.

या हंगामातला नमुना पुढच्या आठवड्यात पाठवतो आहे. सोबत एक रोपही असेल, मुळांसकट अलगद काढलेले, ओल्या गोणपाटात गुंडाळून. तुमच्या पत्रकात त्याच्यासाठी रकाना नाही, तरी कृपया ते फेकू नका. आधी मुळे धुऊन बघा, माती नंतर.

कळावे,

आपला,
अहवाल जपून ठेवणारा एक शेतकरी